मराठी मजकुराच्या कसोटीवर आयकॉन्व्ह, युकॉन्व्ह, जेक्यू आणि मंडळी

ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या छोट्या कार्यालयात घोडबंदर रस्त्यावरील गृहनिर्माण संस्थांच्या सभासद याद्या येतात, वाशी-नेरूळच्या मंडळांच्या देणगीदारांच्या नोंदी येतात, ग्रंथालयांच्या पुस्तकसूच्या येतात आणि छपाईवाल्यांकडून आलेल्या जुन्या फायलीही येतात. आणणाऱ्याची तक्रार बहुधा एकाच वाक्याची असते: ‘आमच्याकडे नीट दिसत होते, तुमच्याकडे कचरा दिसतोय.’ हा कचरा निवडण्यासाठी आम्ही टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकून संगणक चालवण्याच्या खिडकीत, चालणारी, फुकट मिळणारी साधने वापरतो. त्यांच्याविषयी इंग्रजीत उदंड लिहिले गेले आहे. परंतु लिहिणाऱ्यांच्या फायलींत सहसा जोडाक्षरे नसतात, ‘ऱ्या’ नसतो आणि ‘ॲड.’ हे तीन रीतींनी टंकलेले वकीलही नसतात. म्हणून हे परीक्षण केवळ मराठी मजकुरापुरते आहे आणि त्यात मी एकच निकष लावला आहे. एखादे अक्षर जमत नसेल तेव्हा साधन थांबून तसे सांगते, की ते अक्षर गुपचूप गिळून पुढे जाते? वेग, रंगीत मांडणी, पर्यायांची संख्या या गोष्टी माझ्या लेखी नंतरच्या.

आरंभ आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या साधनापासून करणे रास्त होईल, कारण ते लिनक्सवर आधीच असते, मॅकवर असते आणि पॉझिक्स या प्रमाणकातही त्याला जागा आहे. एन्कोडिंग म्हणजे अक्षरे बाइटच्या, म्हणजे छोट्या आकड्यांच्या, रूपात साठवण्याची रीत. ‘कोणत्या एन्कोडिंगमधून’ आणि ‘कोणत्या एन्कोडिंगमध्ये’ एवढे दोन पर्याय दिले की ते कामाला लागते. एक्सेलमधून ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून साठवलेली फाईल यूटीएफ-१६ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये असते. ती यूटीएफ-८ या युनिकोडच्याच दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये आणण्याचे काम आयकॉन्व्ह एका ओळीत आणि निर्दोष करते. देवनागरीचे अक्षर यूटीएफ-१६ मध्ये २ बाइट घेते व यूटीएफ-८ मध्ये ३, त्यामुळे रूपांतरानंतर फाईल फुगली तर घाबरण्याचे कारण नाही.

मला मात्र आयकॉन्व्हचा खरा उपयोग रूपांतरापेक्षा तपासणीसाठी वाटतो. यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच रूपांतर करायला सांगावे आणि निकाल टाकून द्यावा. फाईल शुद्ध असेल तर आयकॉन्व्ह गप्प राहते. कोठे तुटलेला बाइट असेल तर त्याचे स्थान सांगून थांबते. हजारो ओळींच्या यादीत नेमकी कोणती नोंद बिघडली आहे हे इतक्या स्वस्तात दुसरे कोणतेही साधन सांगत नाही. ‘फाईल’ नावाची जी आज्ञा पुष्कळजण याच कामासाठी वापरतात, ती मुळात अंदाज बांधते आणि तोही फायलीचा आरंभीचा भाग पाहून. यादीचे आरंभीचे रकाने इंग्रजी असतील आणि मराठी पत्ते बरेच पुढे सुरू होत असतील, तर ती बिनदिक्कत ‘आस्की’, म्हणजे निव्वळ रोमन मजकूर, म्हणून मोकळी होऊ शकते.

आयकॉन्व्हचा दोष त्याच्या ‘डॅश-सी’ या पर्यायात आहे. हा पर्याय दिला की न जमणारी अक्षरे वगळली जातात आणि रूपांतर अडत नाही, म्हणून तो सर्रास सुचवला जातो. मराठीत त्याचा परिणाम काय होतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे.

‘ठाणे’ हा शब्द एक्सएक्सडी या साधनाने उघडून बाइटच्या रूपात पाहिला, तर चार अक्षरखुणांचे बारा बाइट (सोळा-आधारी अंकांत) दिसतात: ई० ए४ ए०, ई० ए४ बीई, ई० ए४ ए३, ई० ए५ ८७. पहिला बाइट सगळीकडे ई०, दुसरा ए४ किंवा ए५, आणि खरा फरक तिसऱ्या बाइटमध्ये. हीच फाईल एखाद्या प्रणालीने विंडोज-१२५२ या पाश्चात्त्य भाषांच्या एन्कोडिंगमधली समजून वाचली, तर ई० चे होते उलट्या स्वरचिन्हाचे रोमन ‘ए’, ए४ चे होते चलनाचे गोल चिन्ह आणि ए५ चे होते जपानी येनचे चिन्ह. म्हणूनच बिघडलेल्या मराठी फायलीत पानभर तीच चिन्हे पुन्हा पुन्हा दिसतात, आणि ती दिसली की दुखणे कोणते ते लगेच ओळखता येते. आता ही चिन्हे तशीच्या तशी पुन्हा यूटीएफ-८ मध्ये साठवली गेली असतील, तर उलटा प्रवास करून मूळ मजकूर मिळायला हवा: यूटीएफ-८ मधून विंडोज-१२५२ मध्ये न्यायचे आणि निघालेले बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. पाश्चात्त्य भाषांच्या बाबतीत ही युक्ती बहुतेक वेळा निभावते.

मराठीत ती हलन्तापाशी अडते. विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. देवनागरीत यांतल्या जागा कोणाच्या वाट्याला आल्या आहेत ते पाहावे. हलन्ताचा तिसरा बाइट ८डी आहे, ऱ्हस्व उकाराचा ८१. ‘ए’चा ८एफ, ‘ऐ’चा ९०, ‘झ’चा ९डी आणि चंद्रबिंदूचा पुन्हा ८१. म्हणजे प्रत्येक जोडाक्षर, प्रत्येक पहिला उकार आणि ऐरोलीचा ‘ऐ’ या वाटेवर पाय घसरण्याच्याच जागी उभे आहेत. आयकॉन्व्ह अशा पहिल्याच ठिकाणी थांबते, आणि ते योग्यच आहे. पण कोणी वैतागून ‘डॅश-सी’ दिला आणि उरलेले तुटके बाइटही त्याच पर्यायाने झाडून टाकले, तर ‘ठाण्यातील ज्येष्ठ नागरिक’ याचे ‘ठाणयातील जयेषठ नागरिक’ होते. आज्ञा पूर्ण होते, फाईल उघडते, अक्षरे देवनागरी दिसतात, आणि ज्याला मराठी वाचता येत नाही अशा संगणकतज्ज्ञाच्या दृष्टीने काम फत्ते झालेले असते. सभासदांच्या नावांतली जोडाक्षरे गेल्याचे पुढे सर्वसाधारण सभेत लक्षात येते.

याच वाटेवर ‘ठ’ आणि ‘भ’ यांनाही वेगळा धोका आहे. ‘ठ’चा तिसरा बाइट ए० हा विंडोज-१२५२ मध्ये न तुटणारी मोकळी जागा मानला जातो आणि ‘भ’चा एडी हा बाइट अदृश्य जोडरेघ. मधल्या एखाद्या प्रणालीला मोकळ्या जागा नीटनेटक्या करण्याची किंवा अदृश्य चिन्हे काढण्याची सवय असेल, तर ही दोन अक्षरे परत येण्याची शक्यता तेथेच संपते. ठाणे आणि तुर्भे ही दोन्ही नावे नेमकी याच फेऱ्यात सापडावीत याला काय म्हणावे!

अशा दुहेरी बिघडलेल्या फायलींसाठी मी एफटीएफवाय हे पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतले साधन सुचवीन. त्याला टर्मिनलवरून थेट चालवता येते आणि त्यात विंडोज-१२५२ चा एक सैल प्रकार मुद्दाम ठेवला आहे, ज्यात वरच्या पाच रिकाम्या जागांचे बाइट फेकून न देता सांभाळले जातात. मधल्या प्रणालीने ते खरोखरच नष्ट केले नसतील तर हलन्त आणि उकार जसेच्या तसे परत येतात. मात्र हे साधन स्वभावाने उत्साही आहे. अवतरणचिन्हे सरळ करणे यांसारख्या न सांगितलेल्या सुधारणाही ते करते. त्यामुळे मूळ फाईल बाजूला ठेवून, आधीची आणि नंतरची अशा दोन्ही फायली शेजारी लावून पाहिल्याशिवाय त्याचा निकाल स्वीकारू नये. रीकोड या जुन्या साधनाविषयीचा माझा आक्षेप यापेक्षा मोठा आहे: फायलीचे नाव दिले की ते मूळ फाईलच बदलून टाकते. ज्या कार्यालयात एकच प्रत असलेल्या फायली पेन-ड्राइव्हवरून येतात, तेथे त्याला जागा नाही.

युकॉन्व्ह या साधनाचे नाव मराठी मंडळींत फारसे कोणी घेत नाही आणि याचे मला आश्चर्य वाटते, कारण या सगळ्यांत मराठीला सर्वांत जास्त देणारे साधन तेच आहे. आयसीयू या युनिकोडच्या ग्रंथसंचाबरोबर ते मिळते. उबुंटूवर ‘आयसीयू-डेव्हटूल्स’ हे पॅकेज बसवले की ते हाती येते. एन्कोडिंग बदलण्याचे काम ते आयकॉन्व्हइतकेच चोख करते आणि न जमणारे अक्षर आले की तेही मुळात थांबतेच. त्यापुढे जायचेच असेल, तर वगळण्याऐवजी त्या अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक लिहून ठेवण्याची सोय त्यात आहे. माझ्या निकषावर हे उत्तर सर्वांत समाधानकारक आहे, कारण काम अडत नाही आणि काय राहिले याची खूणही फायलीत राहते. शिवाय भारतीय मानक आयएस १३१९४:१९९१, म्हणजे आपल्या ओळखीचे इस्की हे भारतीय लिप्यांचे एन्कोडिंग, त्याला समजते. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली असल्यामुळे हे रूपांतर सरळ होते. इस्कीत साठवलेली जुनी सूची हाती आली, तर दुसरीकडे शोधत बसू नये.

लिप्यंतर हे युकॉन्व्हचे दुसरे अंग. ठाण्यात गुजराती सभासदांची संख्या मोठी असलेल्या संस्था आहेत आणि त्यांच्या जुन्या याद्या गुजराती लिपीत असतात. ‘गुजराती-देवनागरी’ असा नियम दिला की नावे देवनागरीत उतरतात, आणि नावांपुरते हे काम इतके स्वच्छ होते की त्यावर हात फिरवण्याची गरज क्वचितच पडते. देवनागरीतून रोमनमध्ये जाणे मात्र वेगळे प्रकरण आहे. युकॉन्व्ह लिहिलेल्या प्रत्येक व्यंजनात ‘अ’ आहे असे धरून चालते, जे लिपीच्या दृष्टीने बरोबर आणि उच्चाराच्या दृष्टीने चूक आहे. ‘ठाणे’, ‘वाशी’, ‘तुर्भे’ ही नावे व्यवस्थित उतरतात. पण ‘नेरूळ’, ‘बेलापूर’ आणि ‘जुईनगर’ यांच्या शेवटी ‘अ’ चिकटतो, आणि ‘सानपाडा’, ‘घणसोली’ यांच्या पोटात नको तेथे स्वर घुसतो. शिवाय मूर्धन्य वर्णांखाली टिंबे आणि दीर्घ स्वरांवर रेघा येतात. ग्रंथालयाच्या शास्त्रीय सूचीसाठी हे उत्तम; कुरिअरच्या पत्त्यासाठी निरुपयोगी. हा साधनाचा दोष मानावा असे मला वाटत नाही, पण निवडताना ठाऊक असलेले बरे.

याच कामासाठी आयकॉन्व्हलाही एक ‘ट्रान्सलिट’ नावाचा जोड-पर्याय आहे. लिनक्सवर देवनागरी मजकूर आस्कीत नेताना तो दिला तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह मिळते. याला लिप्यंतर म्हणणे धाडसाचे आहे.

आता जो प्रकार मराठीतच फार आढळतो तो सांगायला हवा. ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला अर्धा ‘र’ दोन रीतींनी साठवला जातो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतो. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक असतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. तीच गत ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी ‘अ’वर चंद्र टंकला जाई, आणि काही ठिकाणी हिंदीच्या वळणाचा ‘ऍ’ वापरला जाई. एकाच संस्थेच्या यादीत ‘ॲड.’ लावणारे तीन सभासद तीन रीतींनी नोंदलेले असणे मुळीच दुर्मीळ नाही.

युकॉन्व्हमध्ये युनिकोडचे प्रमाणीकरण करण्याची सोय आहे आणि ‘एनएफसी’ हा त्याचा प्रकार प्रत्येक यादीवर चालवावा, असे मी आग्रहाने सांगेन. तथापि त्याच्याकडून काय होते आणि काय होत नाही हे ओळखून. ‘र’ आणि नुक्ता असे तुटक लिहिलेले असेल तर एनएफसी त्याचा एकसंध ‘ऱ’ करते. पण अदृश्य जोडकाने बनवलेला अर्धा ‘र’ आणि ‘ऱ’चा अर्धा ‘र’ हे युनिकोडच्या लेखी समतुल्य नाहीत, त्यामुळे ते दोन्ही जसेच्या तसे राहतात. ‘अ’वरचा चंद्र आणि ‘ॲ’ यांचेही तेच. यासाठी युकॉन्व्हला स्वतःचे नियम लिहून देता येतात: अमुक अक्षरक्रम दिसला की तमुक कर, आणि शेवटी एनएफसी चालव. चार-पाच नियमांची अशी एक ओळ आमच्याकडे आहे आणि येणारी प्रत्येक मराठी यादी आधी तिच्यातून जाते. युकॉन्व्हला मी पहिला क्रमांक देतो तो प्रामुख्याने या सोयीमुळे.

नियम लिहिण्याच्या या मोकळीकीचा एक गैरवापर येथेच नोंदवतो. रोमन अक्षरांवरची स्वरचिन्हे काढण्यासाठी एक नियम सर्वत्र नकलून घेतला जातो: मजकूर सुटा करा, ‘जागा न व्यापणारी चिन्हे’ या वर्गातले सारे काढा, पुन्हा जोडा. देवनागरीत हलन्त, अनुस्वार, दोन्ही उकार आणि एक-दोन मात्रा याच वर्गात मोडतात. काना, वेलांट्या आणि ‘ओ’कार मात्र वेगळ्या वर्गात आहेत म्हणून वाचतात. परिणामी ‘ठाणे’चे होते ‘ठाण’, ‘बेलापूर’चे ‘बलापर’, ‘मुंब्रा’चे ‘मबरा’ आणि ‘तुर्भे’चे ‘तरभ’. एका मोठ्या सेवेकडून आलेल्या आमच्या ग्राहकाच्या पत्त्यांवर हाच संस्कार झालेला होता, आणि काना शिल्लक असल्यामुळे तो कित्येक महिने ‘टंकलेखनाच्या चुका’ म्हणून खपून गेला. नियम थांबत नाही, कुरकुरत नाही. त्याला सांगितलेले त्याने केलेले असते.

माहितीच्या स्वरूपांकडे वळताना एक्सेलला टाळता येत नाही, कारण ठाण्यातल्या बहुतेक संस्थांचे दप्तर तेथेच असते. एक्सेलमधून साध्या ‘सीएसव्ही’, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकुराच्या, प्रकारात साठवले की मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात आणि ती कोणत्याही साधनाने परत येत नाहीत. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा पर्याय निवडायला हवा. पण संस्थेच्या सचिवांना हे समजावून सांगण्यापेक्षा त्यांच्याकडून मूळ एक्सेल फाईल मागून घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. मग लिब्रेऑफिसला खिडकी न उघडता टर्मिनलवरूनच ती रूपांतरित करायला सांगता येते. त्यासाठी ४४, ३४, ७६ असे तीन आकडे द्यावे लागतात: ४४ म्हणजे स्वल्पविराम, ३४ म्हणजे दुहेरी अवतरण आणि ७६ म्हणजे यूटीएफ-८. आकडे विचित्र आहेत, काम भरवशाचे. एवढेच की मुळात ते पहिलेच पान काढते. थकबाकीचा तक्ता दुसऱ्या पानावर असेल तर तो मागे राहतो, आणि त्याविषयी लिब्रेऑफिस एक शब्दही बोलत नाही.

सीएसव्हीकिट या पायथॉनमधल्या संचाची पुष्कळ स्तुती ऐकू येते आणि त्यातला काही भाग रास्त आहे. एक्सेलमधून सीएसव्ही काढणे, हवे ते स्तंभ निवडणे, स्तंभांची थोडक्यात आकडेवारी पाहणे, हे सारे एका कुटुंबातल्या आज्ञांनी होते आणि मराठी शीर्षकांनी ते गडबडत नाहीत. माझा आक्षेप एकाच सवयीवर आहे, पण ती सवय भारी पडते. स्तंभात काय आहे याचा तर्क हे साधन स्वतःच करते आणि त्याप्रमाणे मजकूर बदलते. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्हींचा दूरध्वनी संकेतांक ०२२ आहे. ज्या स्तंभात सारे क्रमांक ०२२ ने सुरू होतात तो स्तंभ सीएसव्हीकिटला संख्यांचा वाटतो आणि आरंभीचे शून्य जाते. सभासद क्रमांक ००७ असा लिहिलेला असेल तर त्याचा ७ होतो. यावर उपाय म्हणजे ‘नो-इन्फरन्स’ हा पर्याय. त्याचे लघुरूप मोठा ‘आय’. माझ्या मते हे मूळ वर्तन असायला हवे होते आणि तर्क करणे हा पर्याय. आमच्याकडे तो कायमचा लावून ठेवला आहे. ज्याला दरवेळी आठवणीने लावणे जमणार नाही त्याने हा संच घेऊ नये.

त्याऐवजी मिलर पाहावे. सीएसव्ही, टॅबने विभागलेल्या फायली आणि जेसन (संकेतस्थळांच्या माहितीच्या देवाणघेवाणीचे मजकुरी स्वरूप) यांच्यामध्ये ये-जा करण्यासाठी ते बनवलेले आहे. सीएसव्हीतून टॅब-विभागणीत जाताना ज्या मूल्यावर आपण गणित केलेले नाही ते मूल्य मिलर लिहिले होते तसेच बाहेर देते. शून्ये जागच्या जागी राहतात. शिकायला थोडा वेळ लागतो, कारण त्याची स्वतःची छोटी भाषा आहे. पण स्तंभ नावाने मागता येतात आणि ते नाव ‘सदनिका’ असले तरी त्याची तक्रार नसते.

जेक्यू हे स्टीफन डोलन यांनी २०१२ मध्ये पुढे आणलेले साधन जेसनसाठी आता जवळपास अपरिहार्य झाले आहे. संकेतस्थळावरून उतरवलेल्या जेसनमध्ये मराठी अक्षरांऐवजी तिरकी रेघ, ‘यू’ आणि चार अंक अशा रांगाच्या रांगा दिसतात आणि लोक त्याला बिघडलेली फाईल समजतात. जेक्यूमधून ती नुसती जाऊ दिली, कोणताही नियम न देता, तरी समोर स्वच्छ देवनागरी येते. उलट दिशेने, एखाद्या जुन्या प्रणालीला फक्त आस्की चालत असेल तर एका पर्यायाने पुन्हा त्या रांगा करून देता येतात, आणि या जाण्यायेण्यात एकही अक्षर हरवत नाही. हवे ते घटक निवडून सीएसव्ही बनवणेही त्याच्या अंगभूत सोयीने होते आणि नावात स्वल्पविराम किंवा अवतरण असले तरी ते बरोबर बंदिस्त केले जाते.

दोन ठिकाणी मात्र जेक्यू माझ्या निकषावर उतरत नाही. तुटलेला यूटीएफ-८ बाइट आला तर ते थांबत नाही. त्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह बसवून पुढे जाते. म्हणून त्याच्याआधी आयकॉन्व्हची ती गप्प तपासणी करून घ्यावी. दुसरे, १.७ च्या आधीच्या आवृत्त्या २ च्या ५३ व्या घातापेक्षा, म्हणजे सुमारे ९,००० लाख कोटींपेक्षा, मोठ्या संख्या नेमक्या ठेवत नाहीत. सोळा-सतरा अंकी खाते क्रमांक अवतरणात न टाकता संख्या म्हणून लिहिलेला असेल, तर त्याचा शेवटचा अंक बदलून येऊ शकतो. २०२३ च्या १.७ आवृत्तीपासून हात न लावलेली संख्या जशी लिहिली तशी राहते, तेव्हा जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदलावी.

किरकोळ साधनांपैकी डॉस-टू-युनिक्स ओळींच्या शेवटच्या खुणा बदलते आणि त्याबद्दल आणखी काही लिहिण्यासारखे नाही. देवनागरी अंकांचे रोमन अंक करण्यासाठी सेड या मजकूर बदलणाऱ्या साधनाची ‘वाय’ ही आज्ञा वापरावी, टीआर नव्हे. लिनक्सवरचे टीआर अक्षर पाहत नाही, बाइट पाहते, आणि ३ बाइटच्या ‘५’चे तुकडे करून त्यांची अदलाबदल करते. नावाची पहिली दहा अक्षरे काढण्यासाठी कट वापरणाऱ्यांनाही हाच इशारा. पॅनडॉक हे जॉन मॅकफार्लेन यांचे साधन वर्डमधून साधा मजकूर किंवा एचटीएमएल काढण्यासाठी उत्तम आहे, मराठीला त्याच्याकडून कसलाही उपद्रव होत नाही.

उरली ती छपाईच्या जुन्या फॉन्टची गोष्ट. श्रीलिपी, कृतीदेव, आकृती यांसारख्या व्यवस्थांत टंकलेला मजकूर घेऊन लोक येतात आणि आयकॉन्व्हच्या यादीत यांचे नाव का नाही असे विचारतात. तेथे एन्कोडिंग अशी वस्तूच नाही. फायलीत रोमन अक्षरे व चिन्हे असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे रंगवतो. शिवाय तुकडे दिसण्याच्या क्रमाने साठवलेले असतात: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. त्यामुळे सेडमध्ये शंभर-दोनशे अदलाबदली लिहून अर्धेच काम होते. उरलेल्या अर्ध्यात वेलांटी उचलून पूर्ण जोडाक्षरापलीकडे नेऊन ठेवावी लागते, रफार मागे आणावा लागतो, आणि प्रत्येक फॉन्टचा तक्ता निराळा. वरीलपैकी एकही साधन हे आपण होऊन करत नाही. त्या-त्या फॉन्टसाठी बनवलेला स्वतंत्र रूपांतरक वापरावा, त्याचा निकाल युकॉन्व्हच्या एनएफसीतून काढावा आणि मग मराठी जाणणाऱ्या माणसाने तो वाचावा. हे वाचन गाळून काम स्वस्तात करून देणारे ठाण्यात पुष्कळ आहेत.

विंडोजवर काम करणाऱ्यांसाठी दोन शब्द. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल या आज्ञा चालवणाऱ्या साधनाच्या ५.१ आवृत्तीत बाणाचे चिन्ह वापरून निकाल फायलीत वळवला, तर ती फाईल यूटीएफ-१६ होते, मग आयकॉन्व्हने काहीही दिलेले असो. तेव्हा ही साधने तेथे चालवू नयेत. विंडोजमध्ये लिनक्स बसवण्याची अधिकृत सोय वापरावी, म्हणजे युकॉन्व्हही मिळते. महापे-ऐरोलीच्या ज्या कार्यालयांत संगणकावर नवे काही बसवायला परवानगी लागते, तेथे बहुधा गिट हे फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन आधीच असते, आणि विंडोजसाठीच्या गिटबरोबर येणाऱ्या बॅश या टर्मिनलमध्ये आयकॉन्व्ह, डॉस-टू-युनिक्स, सेड आणि एक्सएक्सडी तयारच असतात. जेक्यूची एकच सुटी फाईल असते. ती आपल्या फोल्डरमध्ये ठेवली तरी चालते.